उसाचे साहेब आणि घोड्यांचे फोटो



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवरचे विषय संपले, चहाचे कप फिरू लागले आणि आयत्या वेळच्या विषयात एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. म्हणाले, "आमचा खोडवा महिनाभर उशिरा तुटला, त्याचं राहू द्या. पण शेतकी खात्याचे साहेब उसापेक्षा घोडी जास्त बघत फिरतात, हे खरं हाय का?" मंडपात हशा पिकला. व्यासपीठावरची मंडळीही हसली. आम्ही मागच्या रांगेत होतो. आम्हीही हसलो आणि उत्तर द्यायचे राहून गेले. ते या अंकात देत आहोत. संपादक मंडळाने पाचटावर लेख मागितला होता, तो पुढच्या अंकी देऊ. पाचट कुठे पळून जात नाही, तोवर कुणी काडी लावू नये म्हणजे झाले.

तर, खरे आहे. आम्ही घोडी बघत फिरतो. कामाच्या वेळेत नाही, रविवारी आणि सणावारी. पण फिरतो.

याची सुरुवात मात्र उसातच झाली. कृषी पदविका घेऊन आम्ही या खात्यात लागलो, तेव्हा हुमणी, काणी, गवताळ वाढ यांची नोंद ठेवण्यासाठी खात्याकडे रोलचा कॅमेरा होता. एका रोलला छत्तीस फोटो. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकता येत नसे आणि कामाचे फोटो तर तीस-बत्तिसात आटपत. उरलेले चार-सहा कशावर तरी मारून टाकायचे. एकदा नदीकाठच्या गटात नोंदी करून परत येताना एका सभासदाच्या रानात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या. धनगरांचा वाडा नुकताच उतरला होता. एक बुटके, कुमैत रंगाचे तट्टू बांधावर उभे होते. त्याच्या पाठीवर सगळा संसार, म्हणजे वाकळा, भांडी, काठ्या, दोन कोकरे, आणि या सगळ्याच्या वर पाय बांधलेली एक कोंबडी, पाटलीणबाईसारखी बसलेली. आम्ही शिल्लक फोटो तिथे खर्च केले. काणीचे फोटो खात्याच्या फाइलला लागले. तट्टाचा एक फोटो आम्ही स्वतःच्या पैशाने मोठा करून घेतला. तो अजून आमच्या घरात आहे. (त्या रोलचे पैसेही नंतर भरले. हिशेब तपासनीसांनी काळजी करू नये.)

ही तट्टे आपल्याला इतकी सवयीची की त्यांच्याकडे कुणी बघत नाही. दिवाळीनंतर वाडे कोकणाच्या दिशेने सरकतात, मिरगाच्या आसपास परततात. येता-जाता आपल्या रानात मेंढ्या बसतात, आपल्याला खत मिळते, त्यांना धान्य आणि पैसा. ओझे वाहते ते तट्टू मात्र कुणाच्या हिशेबात नाही. भीमथडीची तट्टे यमुनेचे पाणी प्याली हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो, आणि त्याच भीमथडीचे तट्टू बांधावर उभे असले तर "ए, उसात जाईल, हाकल ते" म्हणतो. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदल्याचे जाहीर झाले. देशात मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती अशा सात जातींची नोंद आधीच होती, ही आठवी. पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढाच तिचा मुलूख. म्हणजे आपल्या गटाच्या रस्त्यावरून जाते ती काही किरकोळ चीज नव्हे. आम्हाला हे कागद निघाल्यावर कळले. कॅमेऱ्याला आधी दिसले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे आम्ही स्वतःचा कॅमेरा घेतला. मग छंद लागला म्हणजे लागलाच. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार. मार्गशीर्षात, रजा मिळाली तर, तापीकाठी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा. एकदा नांदेडकडे लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाला जाऊन आलो. तिथे घोड्यांच्या जोडीला उंट आणि गाढवेही विकायला असतात. बाजारात गेलो की खरेदीदार आधी दात बघतो, मग भोवरे, मग पाय. आम्ही आधी उजेड बघतो. उन्हाने डोक्यावर यायच्या आत, सकाळी आठ-साडेआठपर्यंत काय मिळेल ते खरे. बारा वाजता काळ्या घोड्याचे डोळे खोबणीत हरवतात आणि पांढरा घोडा फोटोत धुतलेल्या धोतरासारखा नुसता पांढराफट्ट येतो, अंगावरचा स्नायू दिसत नाही. पांढऱ्याचीही गंमत आहे. नुकरा जन्मतःच पांढरा आणि कातडीने गुलाबी. पण आपण ज्यांना पांढरे म्हणतो त्यातले पुष्कळसे जन्मताना काळपट असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, आपल्यासारखेच. नाकपुडीजवळची कातडी काळी दिसली की समजावे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक लावतात. त्या कानांच्या मधून पाठीमागचा सूर्य धरायचा म्हणून आम्ही एका सकाळी तासभर लिदीत गुडघे टेकून बसलो होतो. घोड्याचा मालक शेवटी म्हणाला, "घ्यायचा हाय का नुसता नमस्कारच करायचाय?"

पण आमच्या पट्ट्याचा खरा घोडा रिंगणातला.

नीरा ओलांडून पालख्या आपल्या भागात आल्या की आडसालीच्या सऱ्या सोडून माणसे रस्त्यावर येतात, हे काय आम्ही सभासदांना सांगावे! ज्ञानोबारायांच्या सोहळ्याचे पहिले उभे रिंगण तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाजवळ आणि पहिले गोल रिंगण पुरंदावड्याला. तुकोबारायांच्या सोहळ्याचे अकलूजला गोल रिंगण आणि मग माळीनगरला उभे. माउलींचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, बेळगाव जिल्ह्यातून आळंदीपर्यंत पायी. मैदानात आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, हंडेवाल्या, विणेकरी. ते झाले की अश्व सुटतात. पुढे जरीपटका घेतलेल्या स्वाराचा, मागे माउलींचा. माउलींच्या अश्वावर माणूस बसत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही स्वाराच्या अश्वाचेच फोटो काढत राहिलो. पताका होती, फेटा होता, चित्र भरलेले दिसत होते. शेजारी परभणीकडच्या दिंडीतली एक म्हातारी बसली होती. तिने बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मागचा काढ की बाबा." आम्ही म्हणालो, "मावशी, तो मोकळा आहे." म्हातारी म्हणाली, "मोकळा नाय त्यो." एवढेच बोलली आणि टापांखालची माती कपाळाला लावायला धावणाऱ्या गर्दीत नाहीशी झाली. त्या वर्षापासून आम्ही रिकाम्या खोगिराचा फोटो काढायला बघतो आहोत. रिकाम्या जागेत कुणीतरी बसले आहे असे फोटोत दिसायला पाहिजे. अजून जमलेले नाही. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या, रिंगणे झाली नाहीत. पहिल्या साली त्या तिथीला आम्ही मैदानावर एकटेच जाऊन उभे राहिलो. गवताचे दोन फोटो काढले आणि घरी आलो. कशासाठी, ते विचारू नये.

गट ऑफिसला एकदा वाद रंगला होता. एक स्लिपबॉय म्हणाला, पळताना घोड्याचा एक तरी पाय भुईला असतोच. मुकादम म्हणाला, नसतो. तिसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शिवाजी महाराजांच्या घोड्याकडे बोट दाखवून सांगितले, दोन पुढे ताणलेले, दोन मागे ताणलेले, मध्ये घोडा हवेत. हाच वाद अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लेलँड स्टॅनफर्ड नावाच्या धनाढ्य माणसाला पडला होता. त्याने मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला हाताशी धरले. १८७८ साली मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडले, आडवे दोरे ताणले, घोडीच्या पायाने दोरा तुटेल तसा एकेक फोटो निघत गेला. निकाल लागला तो असा की चारही पाय भुई सोडतात, पण ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षे चित्रकार पाय ताणलेला घोडा काढत आले होते, सगळा जन्म घोड्यांच्या सहवासात घालवून. मुकादमाला हे सांगितले, त्याला फार आनंद झाला. कॅलेंडर मात्र कुणी काढले नाही.

तो पाय गोळा झालेला क्षण पकडायचा तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडून मिटावी लागते. पण तसा फोटो कधीकधी पुतळ्यासारखा दिसतो, घोडा पळतो आहे की टांगला आहे कळत नाही. उलट झडप हळू ठेवून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला, तर मागची गर्दी पुसली जाते, पाय धूसर होतात आणि डोळा तेवढा स्पष्ट राहतो. शंभरात दोन फोटो साधतात. उसाची उगवण एवढी आली असती तर आम्हाला कुणी नोकरीत ठेवले नसते. छंदाला हे चालते, त्यातच त्याचे सुख आहे. घोड्याचे फोटो काढल्याने एकरी टनेज वाढते असे काही आम्ही म्हणणार नाही. मन रमते. वर्षभर नोंदी, तोडीचा क्रम, "माझा प्लॉट कधी" हे ऐकून झाल्यावर, जो प्राणी आपल्याला काहीही विचारत नाही त्याच्याकडे बघत राहावेसे वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

काही वर्षांमागे आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका गावच्या यात्रेत छबिन्यापुढे घोडी नाचत होती. हलगी चढली होती, रात्रीचे अकरा वाजले असतील. उजेड नव्हता. घोडी पुढचे दोन पाय उचलून उभी राहते तो फोटो आम्हाला हवा होता. आम्ही फ्लॅश लावला आणि पुढे घुसलो, अगदी चार हातांवर. घोडी उठली, आम्ही कळ दाबली, फ्लॅश उडाला. घोडी खाली आली ती तिरकी, धरणाऱ्याच्या पायावर. त्याच्या पायाची दोन बोटे मोडली. हलगी थांबली. माणसे धावली. तो गडी खाली बसलेला, एका हातात लगाम तसाच, आणि वर बघून त्याने आम्हाला विचारले, "सायब, फोटू आला का?"

फोटो आला होता. आजवर काढलेल्यात तो सगळ्यात चांगला आहे. आम्ही तो कुणाला दाखवला नाही.

दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, त्याने नको नको म्हणत घेतला. त्या हंगामात त्याला तोडीला जाता आले नाही. घोडी ही वर्षातल्या दहा-पंधरा रात्रींची कमाई, बाकी पोट कोयत्यावर, हे आम्हाला तेव्हा कळले. घोडीचे नाव विचारले होते, माणसाला पगार किती मिळतो ते विचारले नव्हते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. जवळजवळ सगळीकडचे त्याला दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही. भिणारा प्राणी आहे, पळणे हेच त्याचे हत्यार. आपण त्याला गर्दीत, फटाक्यांत, हलगीत उभे करतो आणि तो आपल्या माणसाच्या विश्वासावर उभा राहतो. हे आम्हाला पुस्तकात वाचून ठाऊक होते. पशुसंवर्धनाचा विषय आम्हालाही होता. ठाऊक असून आम्ही चार हातांवर गेलो.

यंदा आपल्या भागातल्या काही कारभारी मंडळींत अशी चर्चा आहे की रिंगणात आणि यात्रेत कॅमेरे, मोबाइल सगळे बंदच करावे, वर्तमानपत्रवाल्यांना तेवढा पास द्यावा. कारण उघड आहे. दोरी धरणाऱ्या पोरांच्या पाठीवर माणसे मोबाइल उंचावून रेटतात, रिंगणाची वाट आत आत येते आणि अश्वाला वळायला जागा उरत नाही. एकाने तर ड्रोन आणला होता. त्याच्या घरघरीने बाजूला बांधलेली बैलजोडी उधळली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

तरीही बंदी आम्हाला मान्य नाही. जे आमच्या हातून झाले ते आमच्याच हातून झाले, त्यासाठी सभासदाच्या पोराच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नये. आपल्या घोड्यांचे फोटो आपल्याच माणसांनी काढायचे नाहीत आणि बाहेरच्यांनी काढलेले आपण बघायचे, हा कुठला न्याय? पण जागा ठरवून द्यावी. कुस्तीच्या फडात पुढचे लोक बसतात, तसे रिंगणाच्या पहिल्या चार रांगा खाली बसतील असे पाहावे, कॅमेरेवाले सगळ्यात आधी. बसलेला माणूस पुढे रेटू शकत नाही, मागच्याला दिसते, अश्वाच्या डोळ्यासमोर हातांचे रान येत नाही. आणि फोटोही खालून चांगला येतो, घोडा आभाळात दिसतो. हे आम्ही स्वतः करून पाहिलेले आहे. फ्लॅश बंद, ड्रोन बंद. अश्वाला हात लावायला धावायचे ते रिंगण सुटल्यावर, चोपदारांनी खूण केल्यावर.

नाचणाऱ्या घोड्यांबद्दलही एक बोलायचे आहे, कुणाला रुचो न रुचो. काहींच्या तोंडात काटेरी लगाम असतो. बाहेरून गोंडे दिसतात, आत खिळे. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनीच असल्या लगामाला बंदी आहे. फोटो मोठा करून बघितला की ओठाच्या कोपऱ्यातली जखम दिसते. सनईच्या आवाजात ती दिसत नाही, कागदावर लपत नाही. वरातीला घोडी ठरवणाऱ्या सभासदांनी सुपारी देण्याआधी एकदा तिचे तोंड उघडून बघावे, बैल घेताना बघतो तसे. डांबरी रस्त्यावर घोडागाड्या पळवून मागे मोटारसायकली लावतात, तिथे तर आम्ही जातच नाही. एकदा गेलो होतो. फेसाने भरलेल्या घोड्याचा फोटो काढावा असे वाटले नाही.

त्या गड्याकडे आम्ही दोन वर्षांनी गेलो. तोवर जायचे धाडस झाले नव्हते. सोबत त्याच्या घोडीचा दुसरा एक फोटो नेला होता, सकाळचा, पाण्यावर उभी असलेली. त्याने तो बघितला, बायकोला दाखवला आणि म्हणाला, "ह्यो ऱ्हाऊ द्या. त्या रातचा कुठाय?" आम्ही म्हणालो, आणला नाही. तो म्हणाला, "आणा की."

पुढच्या रविवारी नेला. त्याने तो दिव्याखाली धरला. घोडी दोन पायांवर, अंग घामाने चमकणारे, हलगीवाल्याचा हात वर गेलेला, आणि खाली हा स्वतः, मान वर करून तिच्याकडे बघणारा. आम्ही त्या फोटोत नेहमी तिचे पाय आणि उंची बघत आलो होतो. त्याने बराच वेळ बघितले. मग बोट ठेवून म्हणाला, "कान बघा तिचं. मागं पाडल्यात. माझ्याकडं न्हाय, तुमच्याकडं बघतीय ती. सायब, ह्याच्या आधी किती येळा चमकवलंवतं?"

"तीन वेळा," आम्ही सांगितले.

त्याने मान हलवली. फोटो मागितला. आम्ही दिला. तो आता त्याच्या घरात देवळीच्या वर लावलेला आहे, आमच्याकडे प्रत ठेवलेली नाही.

ती घोडी आता नाचत नाही, तिची शिंगी नाचते. यंदाच्या यात्रेला आम्ही येणार आहोत, फ्लॅश घरी ठेवून. जमिनीवर बसलेले दिसू. ज्या सभासदांना आपल्या घोड्याचा, तट्टाचा फोटो हवा असेल त्यांनी गट ऑफिसला नाव सांगून ठेवावे, एक प्रत मालकाला आणि एक धरणाऱ्याला, पैसे नाहीत. आणि सभेत प्रश्न विचारणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी आपल्या खोडव्याची तक्रार घेऊन एकदा येऊन जावे. तोडीच्या रजिस्टरात आम्ही ती पाहिली. महिना नव्हे, सदतीस दिवस उशीर झाला होता.

— ऊस विकास अधिकारी